वॉशिंग्टनचे विमान-अवकाश संग्रहालय: मॉलवरचे की शँटिलीचे?

स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेच्या या संग्रहालयाच्या दोन्ही इमारतींत प्रवेश विनामूल्य आहे. नॅशनल मॉल या शहराच्या मध्यभागी असलेल्या लांबलचक हिरवळीवरील १९७६ च्या इमारतीत राइट बंधूंचे १९०३ चे विमान आणि अपोलो ११ या चांद्रमोहिमेच्या तिघा अंतराळवीरांना पृथ्वीवर परत आणणारे ‘कोलंबिया’ यान आहे. मेट्रोने सहज पोहोचता येते, मात्र गर्दी फार. व्हर्जिनियातील शँटिली येथे २००३ मध्ये उघडलेल्या उडवार-हेझी केंद्रासाठी मोटार सोयीची पडते आणि पार्किंगचे पैसे मोजावे लागतात. परंतु तेथील प्रशस्त हँगरमध्ये ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान ‘काँकॉर्ड’, एसआर-७१ ‘ब्लॅकबर्ड’ हे टेहळणी विमान आणि ज्यातून सुनीता विल्यम्स डिसेंबर २००६ मध्ये प्रथम अवकाशात गेल्या, ते ३९ मोहिमा केलेले ‘डिस्कव्हरी’ शटल अगदी जवळून पाहता येते. एकच दिवस हाती असेल, तर मी शँटिलीच निवडेन. शटलच्या उष्णतारोधक फरशांवरील जळकट खुणा छायाचित्रांत तितक्या जाणवत नाहीत.