ज्येष्ठांसाठीचा तोल आणि हालचालींचा वर्ग : आठ महिन्यांचा अनुभव
गेल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून मी पडले. हाड मोडले नाही, पण उठायचे कसे हेच न सुचल्याने पाऊण तास ओल्या फरशीवर बसून राहिले, आणि त्यानंतर चालताना भिंत चाचपण्याची सवय लागली. माझे वय 69. मुलीने कोथरूडमधील ज्येष्ठांच्या वर्गात माझे नाव घातले.

पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी खुर्चीतून उठून 3 मीटर चालायला आणि वळून परत येऊन बसायला सांगितले. मला 15 सेकंद लागले. 12 किंवा त्याहून अधिक लागल्यास पडण्याचा धोका जास्त समजतात. परवा तेच अंतर 10 सेकंदांत झाले.

येथील बरेच व्यायाम न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात 1990च्या दशकात तयार झालेल्या पद्धतीतले आहेत : घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, चवड्यांवर उभे राहणे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेघेवरून चालणे. हे शेवटचे दिसते सोपे, पण दोन महिने माझी मजल तीन पावलांपुढे गेली नाही. पायांकडे पाहिले की तोल जाई आणि समोरच्या खिडकीच्या गजावर नजर ठेवली की सावरे. डोळे, आतला कान आणि तळपाय व सांध्यांतून मिळणारी जाणीव या तिन्हींच्या मेळातून तोल राहतो, हे बाईंनी तेव्हाच समजावून सांगितले.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते जमिनीवरून उठण्याचे शिक्षण. आधी कुशीवर वळायचे, मग हातांवर भार देऊन रांगत खुर्चीपर्यंत जायचे, बैठकीवर दोन्ही हात टेकायचे, बळकट पाय पुढे रोवायचा आणि त्यावर जोर देऊन उठायचे. यंदा उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायला बसले आणि कोणाचाही हात न धरता उठले, तेव्हा मला फार बरे वाटले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. मार्चनंतर दहा जणांची तुकडी चोवीस जणांची झाली आणि शिकवायला बाई एकट्याच राहिल्या. रेघेवर चालताना एक आजी झुकल्या, तेव्हा सावरायला जवळ कोणीही नव्हते. व्यवस्थापनाला दोनदा सांगूनही मदतनीस दीड महिन्याने आली. तोलाच्या वर्गात इतकी ढिलाई चालणार नाही.

वर्ग आठवड्यातून दोनदाच असतो, त्यामुळे घरचा सराव चुकवू नये. लग्नघाईत माझे तीन आठवडे बुडाले, तेव्हा रेघेवरची पावले पुन्हा डळमळू लागली होती. ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पुढच्या तिमाहीचे पैसे मी भरले आहेत, मात्र सकाळच्या लहान तुकडीत जागा मिळाल्यावरच.