गुहागरच्या अंगणात फेलिनी

गुहागरला ज्या होमस्टेत उतरलो तिथे रात्री अंगणात पडदा लावून सिनेमा दाखवतात, वेगळे पैसे घेत नाहीत. यावेळी इटालियन दिग्दर्शक फेलिनीचा सिनेमा होता. मालक काका आधी त्याच्याबद्दल सांगतात आणि अजिबात बोअर करत नाहीत हां, म्हणजे १९२० साली रिमिनी नावाच्या समुद्रकाठच्या गावात जन्म, मग रोमला जाऊन विनोदी अंकांत चित्रं काढायचा, रोसेलिनी या दिग्दर्शकासाठी पटकथा लिहायला लागला, नंतर स्वतःच्याच बायकोला, ज्युलिएत्ता मासिनाला घेऊन 'ला स्त्रादा' काढला आणि त्याला ऑस्कर मिळालं.

आम्ही बघितला १९८३ चा 'अँड द शिप सेल्स ऑन'. त्यातला समुद्र चक्क प्लास्टिकचा, स्टुडिओत अंथरलेला, चुण्या चमकतात ते दिसतं, आणि शेवटी कॅमेरा मागे सरकून सेटची सगळी यंत्रणाच उघडी पाडतो!! सुरूच्या बनापलीकडे खराखुरा समुद्र गाजत असताना हे बघायला जाम मजा आली.

तक्रार एवढीच की सबटायटल इंग्रजी नि बारीक, आई वैतागून सोलकढी पिऊन झोपायला गेली. डास पण भरपूर, ओडोमॉस न्याच. सुरमई मस्त, तांदळाची भाकरी मात्र गार आली. चार स्टार.