पायथन ३.१३चा विंडोज इन्स्टॉलर : पाचपैकी चार तारे

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळणारा विंडोजचा इन्स्टॉलर, म्हणजे ती संगणकावर बसवणारा प्रोग्राम, मोफत आहे, आटोपशीर आहे आणि बसवताना फारसे काही विचारत नाही. नवशिक्याची अडचण याच न विचारण्यातून सुरू होते, कारण पहिल्या खिडकीच्या तळाशी जे दोन चौकोन असतात, त्यांपैकी पायथनला ‘पाथ’मध्ये घालणारा चौकोन मुळात रिकामा असतो. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने अर्थातच खाली न पाहता थेट ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबले, आणि नंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘पायथन’ असे टाइप केल्यावर त्याच्यासमोर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडले. पायथन नीट बसलेच नाही असे समजून त्याने ते काढले आणि पुन्हा बसवले, तेही तो चौकोन रिकामाच ठेवून.

कोणकोणत्या फोल्डरांत प्रोग्राम शोधायचे, याची यादी म्हणजे पाथ. त्या यादीत पायथनचा फोल्डर नसला, की २०१९ पासून विंडोजमध्येच असलेला त्याच नावाचा एक दुवा पुढे होतो आणि स्टोअरची वाट दाखवतो. अशा वेळी पायथन काढून टाकण्याची गरज नसते. इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘मॉडिफाय’ निवडावे, पुढे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या पर्यायावर खूण करावी आणि मग कमांड प्रॉम्प्ट बंद करून नव्याने उघडावा, कारण आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसते.

माझ्या मते या इन्स्टॉलरची खरी जमेची बाजू म्हणजे त्याच्यासोबत येणारा ‘पीवाय’ हा छोटा लाँचर, म्हणजे पायथन शोधून सुरू करून देणारा प्रोग्राम. पाथचा चौकोन राहून गेला असला, तरी ‘पीवाय’ लिहून, एक जागा सोडून फाइलचे नाव दिले की स्क्रिप्ट, म्हणजे त्या फाइलमधला पायथनचा प्रोग्राम, चालते. इतकी सोयीची गोष्ट पहिल्या खिडकीत ठळकपणे सांगितलेली नाही, याबद्दल मी एक तारा कापला आहे.

भाच्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, “मामा, आता फाइलच सापडत नाही म्हणतोय.” ‘डीआयआर’ ही आज्ञा देऊन फोल्डरातील यादी पाहिली, तेव्हा त्याच्या फाइलचे खरे नाव ‘हिशोब डॉट पीवाय डॉट टीएक्सटी’ असल्याचे दिसले, नोटपॅडने जोडलेले ते शेवटचे शेपूट एरवी झाकलेले होते. यात इन्स्टॉलरचा काहीच दोष नाही. फाइलचे नाव बदलल्यावरही सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातली चूक दाखवणारा संदेश, आलीच, कारण तोवर तो पायथनच्या आत, तीन बाणांच्या ओळीवर जाऊन बसला होता आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यायची स्क्रिप्ट चालवण्याची आज्ञा, जिथे फक्त पायथनचीच भाषा चालते, तिथेच देत होता. तिथून बाहेर पडण्यासाठी पूर्वी ‘एक्झिट’पुढे कंस लागत; ३.१३ मध्ये नुसता शब्द पुरतो.