काटा चोख, तक्ता कच्चा

चार महिन्यांपूर्वी घेतलेला हा डिजिटल वजनकाटा ५ किलोपर्यंतचे वजन १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. खोक्यात त्याच्यासोबत कपांचे ग्रॅम करून देणारा एक छापील तक्ताही होता, आणि खरे सांगायचे तर मी हा काटा निवडला तो त्या तक्त्यापायीच. काट्याने निराश केले नाही, तक्त्याने केले.

तक्त्यात मैद्याच्या एका कपासमोर १५० ग्रॅम एवढेच लिहिले आहे. हा आकडा खोटा नाही, अर्धवट आहे. मी २४० मिलिलिटरच्या एकाच कपाने एकाच डब्यातला मैदा दोन तऱ्हांनी मोजून पाहिला. चाळलेला मैदा चमच्याने अलगद भरून सुरीच्या पाठीने शीग उतरवली तेव्हा काट्यावर ११९ आले. कप थेट डब्यात खुपसून भरला आणि तशीच शीग उतरवली तेव्हा १४८. तीन कप मैद्याच्या केकमध्ये हा फरक ८७ ग्रॅमवर जातो, म्हणजे जवळजवळ पाऊण कप मैदा जास्तीचा पडतो, आणि मग केक कोरडा झाल्याचा दोष आपण ओव्हनला देत बसतो. साखरेचे दाणे असे दबत नाहीत, त्यामुळे तिचा २०० ग्रॅमचा आकडा माझ्या मोजणीशी चांगला जुळला.

कप नेमका कोणता, हेही तक्ता सांगत नाही. अमेरिकी पाककृतीतला कप साधारण २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा आणि जपानमधला २०० चा असतो. ऑस्ट्रेलियात तर मोठा चमचाही १५ ऐवजी २० मिलिलिटरचा धरतात.

काट्यावरचे मिलिलिटरचे बटण मात्र निव्वळ दिखाऊ आहे. ते दाबल्यावर आकडा तोच राहतो, फक्त त्यापुढचे एकक बदलते. पाण्याचे १ मिलिलिटर जवळपास १ ग्रॅम भरते म्हणून तिथे ते खपून जाते, पण मापपात्राने मोजून घेतलेले २०० मिलिलिटर तेल या काट्याने १८४ मिलिलिटर दाखवले. मधाच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने आणि कितीतरी मोठी होते, कारण पाण्याने २४० ग्रॅम भरणारा कप मधाने ३४० ग्रॅमच्या आसपास जातो. मध मी आता ग्रॅमनेच घेतो: भांडे काट्यावर ठेवायचे, आकडा शून्य करायचा आणि बाटलीतून थेट धार सोडायची. चिकट कप निपटत बसण्याचा त्रास गेला, एवढ्यासाठीही मी हा काटा पुन्हा घेईन.

५ ग्रॅमच्या आतल्या वजनावर विसंबू नये. यीस्ट चिमटी-चिमटीने टाकत गेल्यास आकडा शून्यावरच अडून राहतो, कारण इतके सूक्ष्म बदल काटा स्वतःचे शून्य सांभाळण्याच्या नादात गिळून टाकतो; भांडे उचलून पुन्हा ठेवले की खरे वजन दिसते. दोन मिनिटे हात लावला नाही तर तो बंद पडतो आणि भांड्याचे शून्य विसरतो, म्हणून रिकाम्या भांड्याचे वजन मी आधीच टिपून ठेवतो. तक्ता फेकलेला नाही. मैद्यासमोरचा १५० खोडून तिथे पेन्सिलीने दोन आकडे लिहिले आहेत, एक चमच्याने भरलेल्या कपाचा आणि दुसरा खुपसलेल्या कपाचा.