गवळ्याचं सुटं दूध, पिशवी की ती काचेची महागडी बाटली?

नवीन जागेत राहायला आलेल्या तिघांनी गेल्या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला, रतीब कुणाचा लावू. आमच्याकडे तिन्ही प्रकार करून झालेत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आधी "कच्चं दूध" या शब्दाचा घोळ काढू. अमेरिकेत यावरून भांडणं चालतात ती न तापवता पिण्यावरून. तिथे १९८७ पासून पाश्चराइज न केलेलं दूध पिण्यासाठी म्हणून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आहे, आणि राज्याच्या आत काय चालेल ते ज्याचं तो ठरवतो. कॅलिफोर्नियात दुकानात मिळतं, न्यू जर्सीत विकणं बेकायदा, आणि नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की परमिटवाल्या फार्मवर परत कायदेशीर! न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनी पुलावरून गाडी हाणली तर खरवसाचीही सोय होईल बहुतेक. कॅनडात तर विक्री सरसकट बंद. आपल्याकडे असं काही नाही, सुटं दूध विकायला बंदी नाही, विकणाऱ्याची अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी पाहिजे एवढंच, कारण आपण धरूनच चाललोय की घरी गेल्यावर ते गॅसवर चढणार. म्हणजे तिकडे जे काम कायदा करतो ते इकडे आई करते, पातेल्यापाशी उभी राहून.

अपवाद कोल्हापूरचा. गंगावेशीत संध्याकाळी म्हैस समोर उभी, तिथेच धार काढून फेसासकट ग्लास हातात. धारोष्ण दूध. मी प्यायलोय, चव विसरता येत नाही हे खरं, पण दोन वर्षांच्या पोराला किंवा गरोदर बाईला मी ते देणार नाही, कुणी कितीही तालमीचे दाखले देवोत. ब्रुसेला, टीबी, लिस्टेरिया हे जंतू दुधातून येऊ शकतात आणि जनावर वरून एकदम ठणठणीत दिसतं. २०२४ मध्ये तर अमेरिकेत गायींमध्ये बर्ड फ्लू निघाला, दुधात विषाणू सापडला आणि कॅलिफोर्नियात कच्चं दूध बाजारातून परत मागवायची वेळ आली.

आता आपल्या तीन पर्यायांकडे येऊ.

गवळी. फायदा एकच पण मोठा, साय. म्हशीचं चांगलं दूध तापवून रात्रभर ठेवलं की सकाळी सुरीने कापावी अशी साय येते, आठ दिवसांत विरजणाला लावायला पुरते आणि घरचं तूप निघतं, पिशवीच्या टोन्डमध्ये हे स्वप्नच. तोटा असा की आज मापात काय आलं ते फक्त त्याला ठाऊक. नियमाप्रमाणे महाराष्ट्रात म्हशीच्या दुधात ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) पाहिजे, गाईच्यात ३.२ आणि ८.३, पण दारात कोण मोजतंय? आमच्या आधीच्या गवळ्याचं दूध मे महिन्यात हळूहळू निळसर पडायला लागलं, विचारलं तर म्हणाला चारा बदललाय. स्टीलच्या ताटाच्या पाठीवर एक थेंब सोडून ताट तिरकं धरा, चांगलं दूध सावकाश पांढरी रेघ ठेवत उतरतं, पाणी असेल तर रेघ न ठेवता सरकन पळतं. आमचं पळालं. चाराच बदलला होता म्हणे.

पिशवी. इथे निदान लिहिलेलं तरी असतं: टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट, फुल क्रीम म्हणजे ६. पाश्चराइज म्हणजे साधारण ७२ डिग्रीला १५ सेकंद तापवून लगेच गार केलेलं, त्यामुळे पुन्हा उकळायची खरं तर गरज नाही, पण ही अट थंड साखळीवर, म्हणजे डेअरीपासून दारापर्यंत दूध सतत गार राहण्यावर, उभी आहे आणि आमच्या कोपऱ्यावर पहाटे पाचला उतरलेले क्रेट आठपर्यंत फुटपाथवर उन्हात पडलेले असतात, तेव्हा मी उकळतो. आणि पिशवी म्हणजे शंभर टक्के निर्धोक असंही नाही हां. २०१८ च्या देशव्यापी सर्व्हेत ६४३२ नमुने तपासले, घातक भेसळ फक्त १२ मध्ये निघाली (व्हॉट्सअ‍ॅपवर बघाल तर वाटेल सगळा देश युरियाच पितोय), पण अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष ५.७ टक्क्यांत होतं आणि तेही सुट्यापेक्षा प्रोसेस केलेल्यात जास्त. ते जनावराच्या खाद्यातून येतं, उकळून जात नाही.

बाटली. शंभराच्या वर लिटर, देशी गाय, ए टू (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार), वर सुतळीची गाठ. माझं मत स्पष्ट सांगतो, लेबलला पैसे देऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयनेच, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा नियामकानेच, ए वन-ए टू हे दावे काढून टाका म्हणून आदेश दिला आणि पाचच दिवसांत मागे घेतला, आता यातून गिऱ्हाइकाने काय समजायचं? बाटली घ्यायचीच तर दोन गोष्टी विचारा, दूध पाश्चराइज केलेलं आहे की कच्चं, कारण दोन्ही विकतात, आणि कालवडींना ब्रुसेलाची लस दिलीय का. आम्ही विचारलं तर उत्तरादाखल गाईंचे फोटो आले. छान होत्या गाई.

शंका आलीच तर पैसे भरून नमुना तपासून घ्यायचा हक्क अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार तुम्हा-आम्हालाही आहे, दोष निघाला तर फी परत मिळते. हे फार कमी जणांना माहीत असतं.

तर घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असेल आणि दोघंही नोकरीवर जाणारे असाल तर सरळ पिशवी लावा. तूप घरी काढणारे असाल, तापवायला सकाळी वेळ असेल आणि तबेला एकदा डोळ्यांनी बघून आला असाल तर गवळी. आमच्याकडे रोज लिटरभर पिशवी आणि वर अर्धा लिटर नव्या गवळ्याचं, साईपुरतं. बायको म्हणते कशाला दोन-दोन, पण म्हैस व्याली की पहिल्या दिवसाचा चीक कुणाच्या दारात पोचतो ते रतीब बघूनच ठरतं.