माझ्या नंबरवरून पैसे मागितले, ती मी नव्हतेच

कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते मी. आमच्याकडं सर्क्युलर कन्नडमध्ये येतं आणि माझं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळं आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सर आहेत ते सगळ्याचं मराठी करून टाकतात, एसएटीएसला, म्हणजे पोरांची माहिती भरायच्या सरकारी वेबसाइटला, काय भरायचं, ट्रेनिंग कधी, बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला कुठली माहिती द्यायची, सगळंच. त्यांनी टाकलं म्हणजे आम्ही मूळ कागद उघडूनसुद्धा बघत नाही.

मागच्या जुलैत त्याच सरांच्या नंबरवरून मेसेज आला, मॅडम, ऑनलाइन ट्रेनिंगच्या लिस्टला तुमचं नाव घालतोय, मोबाईलवर 6 आकडी कोड येईल तो लगेच पाठवा, आज लास्ट डेट. बिसीऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण चाललेलं, पाचवीतल्या एकानं सांबार मांडीवर सांडून घेतलेलं, माझ्या एका हातात ओलं फडकं आणि दुसऱ्या हातात फोन. एसएमएस आला, कोड कुणाला देऊ नका असं त्यात इंग्रजीत लिहिलंय चक्क, मी नुसते आकडे बघितले आणि पाठवून दिले. सर मला 11 वर्षं बाई म्हणतात, मॅडम कधीच नाही, हे मला सुचलं कधी तर रात्री झोपताना.

पाच मिनिटांत व्हॉट्सॲप बंद. मला वाटलं रेंज गेली. आमच्या शाळेत रेंज फक्त झेंड्याच्या कट्ट्याजवळ, आणि पाऊस लागला की तीही जाते, म्हणून फोन पर्समध्ये टाकला आणि निवांत भागाकार शिकवत बसले.

साडेचारच्या बसनं खानापूर स्टँडला उतरले तर 17 मिस्ड कॉल! माझ्या नंबरवरून सगळ्यांना गेलेलं, अर्जंट 8000 पाहिजेत, हॉस्पिटलला आहे, उद्या सकाळी देते, आणि खाली भलत्याच कुणाचा तरी यूपीआय. नातेवाईक, स्टाफ आणि पालकांचा ग्रुपसुद्धा, 2020 ला शाळा बंद पडल्या तेव्हा अभ्यास पाठवायला केलेला तो. बऱ्याच जणांनी आधी मला फोन लावला म्हणून वाचले. पण एका पोराचा बाप गोव्यात हॉटेलात कामाला आहे, त्यानं दोनदा लावला, लागेना, म्हणून 5000 पाठवले. नंतर मला म्हणतो, बाई, फोन लागेना म्हटल्यावर मला वाटलं खरंच दवाखान्यात असणार. म्हणजे आमच्या गावच्या रेंजनं चोराची साक्ष दिली बघा.

तो कोड ट्रेनिंगचा नव्हताच, व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करायचा होता. जुने चॅट त्याला मिळत नाहीत, पण आपण कुठल्या ग्रुपात आहोत आणि तिथं कोण कोण आहे ते मिळतं, त्याला तेवढंच पाहिजे असतं. सरांचाही नंबर सकाळी असाच गेलेला, त्यांच्याही ओळखीच्याच नंबरवरून.

पोरीनं घरी नंबर परत टाकला, कोड घेतला, तसा तो तिकडून बाहेर पडला, पण मधल्या वेळात त्यानं स्वतःचा टू-स्टेप पिन, म्हणजे कोडनंतर व्हॉट्सॲप आणखी एक आकडा मागतं तो, लावून ठेवलेला, मग मला 7 दिवस थांबावं लागलं. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन ज्याचे पैसे गेले त्यानंच केलेला बरा, बँक, रक्कम, वेळ आणि पैसे पाठवल्याचा तो 12 आकडी यूटीआर नंबर विचारतात, आणि लवकर केला तर समोरच्याच्या खात्यात पैसे असेपर्यंत अडवता येतात. गोव्यातल्या त्या पालकानं केला तोवर सात वाजलेले, पैसे पुढं गेलेले. मी बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली, पोचपावती आहे, बाकी अजून काही नाही.

5000 मी त्याच्या बायकोच्या हातात दिले. ती घेईना, बाई तुमचं काय चुकलं म्हणते. चुकलं की ओ, कोड मीच दिला ना.

आता सरांचं काही आलं तर आधी व्हॉइस नोट मागतो, सर कंटाळतात पण आवाज देतात. आणि गेल्या शनिवारी स्टाफरूममध्ये बसून सगळ्यांनी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, अकाऊंटमध्ये जाऊन टू-स्टेपचा पिन लावला, सहा आकडी. एका बाईंनी विसरू नये म्हणून तो हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, आणि हजेरीपुस्तक असतं टेबलावर उघडं.