हॅरी पॉटरच्या दुनियेत नऊ महिने : ऑर्लँडोच्या वार्षिक पासाचा अनुभव

गेल्या सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सल ऑर्लँडोचा (फ्लोरिडातल्या थीम पार्कांचा) वार्षिक पास काढला तो फक्त आणि फक्त हॅरी पॉटरसाठी. आम्ही टॅम्पाला राहतो, गाडीने सव्वा-दीड तास, आय-फोरवर ट्रॅफिक लागला तर दोन. नऊ महिन्यांत चौदा वेळा जाऊन आलो, कधी पूर्ण दिवस तर कधी नुसतं संध्याकाळचं तीन तास.

आधी कुठे काय आहे ते सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. हॉग्समीड गाव आणि हॅरीच्या जादूच्या शाळेचा, हॉगवॉर्ट्सचा, किल्ला आहे आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमध्ये, तो 2010 साली सुरू झाला. डायगन अ‍ॅली, म्हणजे जादूगारांची बाजारपेठ, शेजारच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये, 2014 पासून. दोन्ही पार्क वेगळे, आणि मधे हॉगवॉर्ट्स एक्सप्रेस धावते, त्यामुळे ट्रेनमध्ये बसायचं तर दोन्ही पार्कांचं तिकीट लागतंच लागतं. डिसेंबरमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले तेव्हा त्यांची तिकिटं आम्ही एका भलत्याच वेबसाइटवरून स्वस्त मिळाली म्हणून घेतली, आणि स्टेशनच्या दारात कळलं की ती एकाच पार्कची आहेत. जास्तीचे पैसे भरून बदलून घेतली पण आईचा चेहरा इतका पडला होता की अजून आठवतो. म्हणून सांगते, तिकिटावर नेमकं काय लिहिलंय ते घरी बसून नीट वाचा. (2025 मध्ये तिसरा भाग आला, मिनिस्ट्री ऑफ मॅजिक, पण तो एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कात आहे, थोडा लांब. आमच्या पासात तो नाही. वेगळं तिकीट काढून एकदाच गेलो, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.)

तर आई. नात फोनवर सारखी हॅरी हॅरी करते आणि आपल्याला काही कळत नाही म्हणून तिने वयाच्या 68 व्या वर्षी मराठी अनुवाद वाचायला घेतले, येईपर्यंत पाच पुस्तकं झाली होती. तिच्यासोबत गेलो त्या दिवशी मला ही जागा पहिल्यांदा खरी दिसली असं म्हणेन. आम्ही आधी जायचो ते राइडवरून राइडवर. आईला राइडमध्ये बसायचंच नव्हतं, त्यामुळे सगळं चालत, थांबत, बघत झालं.

डायगन अ‍ॅलीला बाहेरून पाटीच नाही. समोर लंडनची इमारतींची रांग, लाल टेलिफोन बूथ, जांभळी तीन मजली नाइट बस, आणि मधे विटांची भिंत, तिच्या आडून वळलं की एकदम ती गल्ली आणि टोकाला ग्रिंगॉट्स बँकेच्या घुमटावर बसलेला ड्रॅगन. तो थोड्या थोड्या वेळाने खरी आग ओकतो, खाली उभं राहिलं तर चेहऱ्याला झळ लागते. पण आत शिरायची घाई करू नका. त्या लाल बूथमध्ये जाऊन 62442 फिरवा. लेकीने आज्जीला फिरवायला लावलं, आईने रिसीव्हर कानाला लावला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अगं, मंत्रालयातून बोलतायत." शेजारच्या ग्रिमॉल्ड प्लेस या घराच्या वरच्या खिडकीकडे टक लावून बघत बसा, पडदा हलतो आणि पुस्तकातला घरनोकर क्रीचर डोकावतो. शेकडो लोक खालून निघून जातात, मान वर करत नाहीत.

स्टेशनवर प्लॅटफॉर्म पावणेदहाची भिंत आहे. पुढचे लोक सामानासकट भिंतीत शिरताना दिसतात, आपण जातो तेव्हा मात्र साधा बोळच असतो. काचेवर पडलेल्या प्रतिबिंबाची करामत आहे ती, म्हणून रांगेत पुढच्या माणसापासून थोडं अंतर ठेवा म्हणजे नीट दिसतं. आईने माझा हात असा घट्ट धरला होता की बांगडी रुतली. ट्रेनचा प्रवास जेमतेम चार मिनिटांचा, पण डब्याच्या दाराच्या काचेवर बाहेर उभ्या असलेल्या मुलांच्या सावल्या दिसतात, बोलणं ऐकू येतं. जाताना आणि येताना खिडकीतलं दृश्य वेगळं असतं, म्हणून दोन्हीकडून बसा.

आता जादूची कांडी. इंटरॅक्टिव्ह कांडी महाग आहे, पण पास असेल तर ती वसूल होते कारण दर खेपेला वापरता येते. सोबत नकाशा मिळतो, जमिनीवर पितळी चकत्या बसवल्यात त्यावर हात कसा फिरवायचा ते कोरलेलं असतं. सगळे जोरजोरात फिरवतात आणि काही होत नाही म्हणून वैतागतात. हात छोटा फिरवायचा, नुसत्या मनगटातून, टोक खिडकीतल्या कॅमेऱ्याकडे ठेवून, सावकाश. आमच्या लेकीला हे तिसऱ्या खेपेला जमलं. एका ठिकाणी छत्रीची पाटी आहे, बरोबर फिरवलं की त्या छत्रीतून पाणी पडतं, आणि ती दर वेळी तिथे उभी राहून भिजते आणि मी दर वेळी एक कोरडा टीशर्ट नेते. डायगन अ‍ॅलीला लागूनच असलेल्या नॉकटर्न अ‍ॅलीत तोच नकाशा अतिनील दिव्याखाली (ब्लॅक लाइट) धरला की छुप्या जागा दिसतात. ती गल्ली अंधारी आणि थंडगार आहे, उन्हात जीव नकोसा झाला की आम्ही तिथेच जाऊन उभे राहतो.

राइडबद्दल. किल्ल्यातली फॉरबिडन जर्नी आणि हॅग्रिडची मोटरसायकल, दोन्हीला उंची 48 इंच लागते. सप्टेंबरमध्ये लेक साडेसेहेचाळीस होती. दर खेपेला ती त्या मापाच्या पट्टीखाली जाऊन ताठ उभी राहायची, तिथली माणसं हसून मान हलवायची, आणि घरी आल्यावर आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करायचो. मधल्या काळात ग्रिंगॉट्स बँकेतल्या राइडवर समाधान मानलं, तिथे 42 चालतात, आणि हिपोग्रिफला 36. मे महिन्यात एका शनिवारी पट्टी डोक्याला टेकली. फॉरबिडन जर्नीमधून बाहेर आली तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली "आई, आपण खरंच उडलो." मला स्वतःला त्यात गरगरतं, पोट रिकामं ठेवून बसू नका आणि भरलेलंही नको. हॅग्रिडची राइड मात्र मी रोज बसेन, अशी सुंदर आहे. पण ती उघड्यावर आहे, विजा चमकायला लागल्या की बंद होते, आणि फ्लोरिडात उन्हाळाभर दुपारी पाऊस येतोच, म्हणून सकाळी सगळ्यात आधी तिकडे जायचं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला पर्याय कमी आहेत, आम्ही पर्समध्ये भाकरवडी नेतो. बटरबिअर या पुस्तकातल्या गोड पेयात दारू अजिबात नाही, हे बाबांना तीनदा सांगावं लागलं. गार, बर्फाळ आणि गरम अशी मिळते. गार मला फार गोड लागते. गरम मात्र जानेवारीतल्या थंड सकाळी आईने घेतली, दोन्ही हातांत कप धरून हॉग्समीडच्या बर्फाच्छादित छपरांकडे बघत बसली, अर्धा तास. आजूबाजूने लोक राइडकडे पळत होते आणि ती मला विचारत होती की हॅरीला पहिल्यांदा इथे यायला सहीची परवानगी मिळाली नव्हती ना गं.

एका दिवसासाठी येणाऱ्यांना हे असं बसणं परवडत नाही, पैसे एवढे भरलेले असतात की पळावंच लागतं, त्यात त्यांची चूक नाही. पण जवळपास राहत असाल आणि घरात पुस्तकं वाचलेलं कुणी असेल तर पास घ्याच. गर्दीच्या सुट्ट्यांत स्वस्त पास चालत नाहीत, त्या तारखा बघून घ्या. आम्हाला शाळा सुरू झाल्यावरचा सप्टेंबर आणि जानेवारीचा शेवट सगळ्यात निवांत मिळाला.

आमचा पास पुढच्या वर्षासाठीही घेतलाय. आई डिसेंबरमध्ये परत येतेय, सहावं पुस्तक चालू आहे आणि लेकीला तिने सक्त ताकीद दिलीय की शेवट सांगायचा नाही.